आधी फोन करून

"राहतेस त्या इमारतीत आपण काय काम करतो ते सांगत बसू नकोस हं," महिला मदत केंद्रातल्या मोठ्या ताई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. कपावरची माशी हाकलावी तितक्या सहज म्हणाल्या, आणि मी हसले होते. "का हो ताई, आपण काय चोऱ्या करतो?" त्या हसल्या नाहीत. "बँकेत आहे म्हणावं, शाळेत आहे म्हणावं. जिथे बायकांना मार बसतो त्या घरांत जाणारी बाई आपल्याच जिन्यात राहते हे कळलं ना, की एक तर सगळे तुझ्याकडे येतात, नाहीतर तुला बघून दारं लावून घेतात. दोन्हींत तुझीच पंचाईत." मी तेव्हा समाजकार्याची पदवी घेऊन ताजीताजी आलेली. घरी मूल जेमतेम रांगायला लागलेलं, आणि माझ्या अंगात नको इतका उत्साह. आठवड्याभरात मी आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर केंद्राचं पत्रक लावलं आणि खाली पेनाने स्वतःच्या घराचा मजलाही लिहिला. पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना आणि हरवलेल्या मांजराचा फोटो यांच्या मध्ये ते पत्रक बरेच महिने टिकलं. मांजर सापडलं, त्याचा फोटो निघाला, माझं पत्रक राहिलं. जाता-येता मी त्याची सुटलेली टाचणी दाबून बसवायची आणि मला फार बरं वाटायचं.

हे सगळं पुन्हा आठवायला कारण झाली मुंगी. मुंगी म्हणजे माझी मुलगी. फरशीवरचा कण न् कण वेचून तोंडात घालते म्हणून तिच्या बापाने ठेवलेलं नाव. संध्याकाळची वेळ होती. तिला पाळणाघरातून आणून, हातपाय धुऊन, स्वयंपाकघरात मांडीवर घेऊन भरवत होते. दोन घास गेले आणि तिने तोंड मिटलं. मान वर केली, छताकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "दुडू नाही." मला आधी कळलंच नाही. "हो, दुडू झोपली, आ कर," असं काहीतरी बोलून मी चमचा पुढे केला. तिने तो हाताने बाजूला सारला. "दुडू नाही," ती पुन्हा म्हणाली, या वेळी मंद माणसाला समजावून सांगावं तशी. मग मी ऐकायला लागले, आणि वरून ऐकण्यासारखं काही येतच नव्हतं.

डोक्यावर राहणाऱ्या माणसांची ओळख पायांपासून होते. वरच्या घरातल्या पुरुषाची पावलं टाचांवर पडायची, ठाम, टीव्हीपासून दारापर्यंत आणि दारापासून टीव्हीपर्यंत. बाईची कधी ऐकूच यायची नाहीत. आणि त्यांच्या पाचेक वर्षांच्या मुलीची पावलं म्हणजे नुसता धुडगूस. स्वयंपाकघरातून गॅलरीकडे, मध्येच वळण, काहीतरी पडल्याचा आवाज, क्षणभर शांतता, मग खिदळणं आणि परत दुडूदुडू. मुंगीला आम्ही कुणी हसायला शिकवलं नाही, ती छताकडे बघून हसायला शिकली. वर पळापळ सुरू झाली की ही खाली टाळ्या पिटायची. न पाहिलेल्या त्या मुलीचं नाव तिने दुडू ठेवलं आणि आमच्या घरातही तेच रूढ झालं. नवरा म्हणायचा, "आली बघ तुझी दुडू. वरच्यांनी पोरगी नाही, शिंगरू पाळलंय." आणि आता किती दिवस झाले होते ते पाऊल ऐकून? आवाज सुरू होतो तेव्हा तो सुरू झाल्याचं कळतं, थांबतो तेव्हा नुसतं जरा बरं वाटतं आणि का बरं वाटतंय ते कळत नाही. मला बरं वाटत होतं. मुंगी दुपारची नीट झोपते म्हणून मी पाळणाघरातल्या मावशींना कौतुकाने सांगितलंसुद्धा होतं.

वरची मला पहिल्यांदा भेटली ती याच्या कितीतरी आधी, गच्चीवर, कपडे काढताना. वरची म्हणजे दुडूची आई. आमच्यात तिला दुसरं नावच पडलं नाही. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. दातात चिमटा धरून ती चादरीची घडी करत होती आणि चिमटा न काढताच बोलत होती, म्हणजे समोरच्या गच्चीवरून कुणी बघितलं असतं तर त्याला ती बोलते आहे असं वाटलंच नसतं. "खालचं पत्रक तुम्ही लावलंय ना?" मी हो म्हटलं. "तुमच्या घरात आमचं काय काय ऐकू येतं?" मला वाटलं, मुलीच्या पळण्याबद्दल ओशाळली आहे. "छे हो, लहान मूल आहे, पळणारच. आमचीला तर आवडतं." "ते नाही. आणखी काय?" "टीव्ही ऐकू येतो कधीकधी." "मोठा असतो तेव्हा?" "हो." तिने चादरीची चार टोकं जुळवली, दातातला चिमटा काढून टोपलीत टाकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "टीव्ही मोठा करतात ना, तो ऐकायला नाही करत." एवढंच. मला शिकवलं होतं की अशा वेळी लगेच प्रश्न विचारायचे नाहीत, समोरच्या माणसाला जागा द्यायची. मी जागा दिली. ती त्या जागेत थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "तिथे आले तर तुम्हीच असाल ना?" मी म्हटलं, "मीच असेन."

ती आली. एका सकाळी केंद्राच्या दारात पर्स पोटाशी धरून उभी राहिली, आणि मला बघून तिचे खांदे इतके खाली आले की मला वाटलं, आता ती तिथेच बसते की काय. मी खुर्ची सरकवली, पाणी दिलं. तेवढ्यात मोठ्या ताईंनी आत बोलावलं. "ही तुझ्याच पत्त्यावरची?" "वरच्या मजल्यावर राहते." "मग तू नाही." आमच्याकडे ओळखीतलं प्रकरण आपण घ्यायचं नाही, असा नियम आहे, आणि नियम बरोबर आहे. उद्या नवरा जिन्यात भेटतो, परवा सासू दूध मागायला येते, मग तुम्ही त्या बाईच्या बाजूने उभ्या राहता की इमारतीत तोंड दाखवायला जागा ठेवता? मला हे सगळं परीक्षेत मार्क मिळण्याइतकं पाठ होतं. मी बाहेर येऊन तिला म्हटलं, "माझ्या सहकारी आहेत, फार चांगल्या आहेत, त्या बोलतील तुमच्याशी."  आपण हात दाखवलेली बस समोर येऊन न थांबता जाते तेव्हा माणूस जसा तिच्याकडे बघतो, तसं बघत ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार बंद झालं. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दाराला काच होती, काचेला आतून कागद लावलेला होता, आणि तो मीच लावला होता, बायकांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून.

जिच्याकडे ते प्रकरण गेलं तिला आम्ही टापटीप म्हणतो. तिचं टेबल, तिच्या फायली, तिची साडी, सगळं इस्त्री केल्यासारखं. वाईट नाही ती, मन लावून काम करते. तिने वरचीच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तो आला, कडक शर्टात, वेळेच्या आधी. आवाज चढवला नाही, कबूलही केलं, "चुकलं माझं, मॅडम. ऑफिसचा ताण घरी आणला." अशी माणसं आमच्याकडे कमी येतात. बहुतेक ओरडतात, टेबलावर हात आपटतात, आमच्या बापाचं नाव विचारतात. त्यामुळे हा सगळ्यांना आवडून गेला. पुढे काही महिने घरी भेट द्यायची असं ठरलं. भेट म्हणजे आधी फोन करून. अमुक दिवशी अमुक वाजता येतोय, असं सांगून. हा नियम कुणाच्या डोक्यातलं खूळ नाही. पूर्वी आमच्यातली एक जण न सांगता एका घरी गेली होती. ती आत असेपर्यंत सगळे गोड बोलले, आणि ती जिना उतरून रस्त्यावर येते न येते तोच वर त्या बाईला 'आणलीस ना घरात' म्हणून मारलं गेलं. ती खालून ऐकत होती. तेव्हापासून आधी फोन. म्हणजे मला ज्याच्यावर डोकं आपटायचं होतं तो नियमसुद्धा शहाणा निघाला. मूर्ख माणसांशी भांडता येतं हो. इथे सगळे शहाणे होते, प्रत्येकाचं बरोबर होतं, आणि वरून आवाज येणं बंद झालं होतं.

मुंगी 'दुडू नाही' म्हणाली त्या रात्री ती झोपल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "दुडू पळत नाही हल्ली." "चांगलं आहे की. मोठी झाली असेल. शाळेतून दमून येत असेल." "पाच वर्षांची मुलं दमली की जास्त पळतात." "अगं, तू घरी आलीस की चपलांबरोबर कानही दाराबाहेर काढून ठेवत जा ना." "चपला चोरीला जातात." "तुझे कान नाही कुणी नेणार, इतकं ऐकायला कुणाला वेळ आहे?" मी हसले. तो चांगला माणूस आहे. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हणते ते त्याला कळलं तर त्याला वाईट वाटेल. एकदा मॅच बघताना त्याने रिमोट सोफ्यावर आपटला, तर मला कळायच्या आत मी मुंगीला उचलून दुसऱ्या खोलीत गेले होते. तो दारात येऊन उभा राहिला, पडलेल्या चेहऱ्याने. "अगं, मॅच हरली फक्त." मुंगीला न्हाऊ घालताना तिच्या गुडघ्यावर निळसर डाग दिसतो आणि माझ्याच डोक्यात आमच्या केंद्रातला प्रश्न आमच्या केंद्रातल्या आवाजात उमटतो, हे कसं झालं? आणि खरं उत्तर असतं, 'माहीत नाही, पडली असेल कुठेतरी', म्हणजे नेमकं तेच, जे ऐकल्यावर आम्ही एकमेकींकडे बघतो. काम घरी आणू नये म्हणतात. ते आणावं लागत नाही, ते आपल्या आधीच घरी येऊन बसलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी टापटीपच्या शेजारी बसले. "माझ्या वरच्यांचं कसं चाललंय?" तिने घास चावून पूर्ण केला. "तू शेजारीण म्हणून विचारतेस की ऑफिसची म्हणून?" "काय फरक पडतो?" "शेजारीण म्हणून विचारत असशील तर मला सांगता येणार नाही. ऑफिसची म्हणून विचारत असशील तर तू विचारायला नको." "बरं, मी विचारत नाही, सांगते. मुलगी पळायची बंद झाली आहे." तिने माझ्याकडे बघितलं, खोटं कशाला बोलू, मायेने बघितलं. "तू झोपतेस का गं नीट? मुंगी रात्रीची उठते अजून?" मी डब्याचं झाकण लावलं. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "मागच्या भेटीत बाई हसून बोलली माझ्याशी. नवऱ्याने स्वतः चहा केला. टीव्ही मोठा लावत नाही आता. तुलाच विचारते, येतो का टीव्हीचा आवाज?" "नाही येत." "मग?"  आरडाओरडा नाही, टीव्ही नाही, पावलं नाहीत. अशा घराबद्दल तक्रार काय करणार? इमारतीतले लोक तर अशा भाडेकरूसाठी नवस बोलतील.

मग मुंगीला ताप आला म्हणून मी घरी राहिले, आणि नेमका तोच दिवस भेटीचा निघाला. मला कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या घराने सांगितलं. सकाळीच खुर्च्या सरकल्या. मग फरशी धुतल्याचं पाणी आमच्या गॅलरीच्या कडेने ठिबकायला लागलं. काहीतरी जड ओढत एका खोलीतून दुसरीकडे नेलं. मग कुकरची शिट्टी, मग पुरुषाच्या टाचा, आज ऑफिसला न गेलेल्या. मुंगी माझ्या खांद्यावर गरम डोकं ठेवून पडली होती. दारावरची बेल वर वाजली ती खालीही ऐकू आली, टापटीपचा ओळखीचा खाकरा ऐकू आला, आणि जरा वेळाने, किती दिवसांनी, ते सुरू झालं. दुडूदुडू. माझ्या अंगातून काहीतरी सुटलं. चला, मी वेडी, बाकी सगळं ठीक आहे. मी मुंगीला हलवलं, "ऐक, ऐक, दुडू आली!" मुंगीने डोळे उघडले, मान तिरकी केली. मी तिच्या टाळ्यांची वाट बघत होते. ती ऐकत राहिली आणि मीही ऐकत राहिले. पावलं भिंतीपासून भिंतीपर्यंत जात होती. थांबत होती. पुन्हा त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत. वळण नाही, काही पडणं नाही, खिदळणं नाही. शाळेत शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, तसं ते पळणं होतं. मध्ये एकदा ते थांबलं तेव्हा टाचांचा आवाज दोन पावलं पुढे आला आणि ते परत सुरू झालं. मुंगीने टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या मानेत तोंड खुपसून ती म्हणाली, "दुडू नाही." बेल वाजवणारी बाई जिना उतरून गेली, आणि खालचं फाटक वाजल्याबरोबर वरचं पळणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी मुंगीला आईकडे सोपवून मी ऑफिसला पोचले तेव्हा माझा आवाज नको तितका चढला असणार, कारण बाहेर बसलेल्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या. "तिला पळायला लावलं! तू बसली होतीस ना तिथे, दिसलं नाही तुला?" टापटीपचा चेहरा लाल झाला. "मूल घरभर खेळत होतं. मी स्वतः पाहिलं." "हसत होती?" "म्हणजे?" "पळताना हसत होती का ती?" "मी आईशी बोलत होते, मुलीचे दात मोजत नव्हते." "आईशी एकटीशी बोललीस?" तिने समोरची फाइल सरळ केली. नवरा चहा घेऊन मध्ये बसला होता, असं मग कळलं. मोठ्या ताई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून टापटीप म्हणाली, आणि तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते, "ताई, आधी मुलगी पळत नाही म्हणून हिची तक्रार, आता पळते म्हणून तक्रार. मी लिहू काय?" कुणीतरी हसलं. मलासुद्धा हसू येईल की काय अशी भीती वाटली. माझ्याजवळ पुरावा काय होता? तापाने फणफणलेल्या दोन वर्षांच्या मुलीने टाळ्या वाजवल्या नाहीत, हा. ताई म्हणाल्या, "तू आज घरी जा. मुलीजवळ बस." मी विचारलं, "कुठल्या?" 

मी घरी गेले, कपाटातून वाटी काढली आणि वर गेले. फोन न करता. खरं तर माझ्या डब्यात साखर काठोकाठ भरलेली होती. दार त्यानेच उघडलं. अर्धंच उघडलं, आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतः उभा राहिला. "या या, मॅडम. आज ऑफिसकडून की खालून?" मला डब्याच्या वेळचा टापटीपचा प्रश्न आठवला. जगात सगळ्यांना माझ्याबद्दल एवढी एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. "खालून," मी म्हटलं, "जरा साखर हवी होती." "मग बरं. ऑफिसला साखर कमीच चालते." स्वतःच्या विनोदावर तो छान हसला. माझ्या हातातली वाटी घेतली आणि न वळता आत हाक मारली, "अगं, खालच्या मॅडमना साखर दे." ती आली. वाटी भरून घेऊन आली, ती त्याच्या हातात दिली, त्याने माझ्या हातात दिली. तिचे केस नीट विंचरलेले होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. काहीच नव्हतं. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "गच्चीवर दिसला नाहीत बऱ्याच दिवसांत." तोच म्हणाला, "कपडे आता घरातच वाळत घालतो. धूळ फार." तेवढ्यात तिच्या मागे, खोलीच्या दाराशी ती मुलगी येऊन उभी राहिली. माझी दुडू. इतक्या जवळून मी तिला प्रथमच पाहत होते. ऐन उकाड्याचे दिवस, अंगात पातळ फ्रॉक, आणि पायात लोकरीचे जाड मोजे, एकावर एक चढवलेले, पाय सुजल्यासारखे दिसत होते. "अगं बाई, थंडी वाजते का तुला?" मी सहज विचारलं. तिने आधी बापाकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि मला म्हणाली, "मी नाही आवाज केला."

मी जिना कसा उतरले माहीत नाही. साखर पायऱ्यांवर सांडली. स्वयंपाकघरात उभी राहून मी ताईंना फोन लावला आणि जे पाहिलं ते सांगितलं, न रडता, न चढवता, जसं आम्हांला सांगायला शिकवतात तसं.  "मोजे," त्या म्हणाल्या. "हो." "आणि मुलगी आधी बापाकडे बघते." "हो." मग त्या म्हणाल्या, "मी स्वतः जाते. न कळवता. पण एकटी नाही जाणार, पोलीस ठाण्यातली बाई बरोबर घेते, आणि निघताना दोघींना बाहेर काढायची तयारी ठेवून जाते. नुसतं जाऊन आलो तर तिचे हाल होतील. निवाऱ्यात जागा बघू दे. सोमवारी जाऊ." मला तो फोनमधला आवाज इतका आवडला की मी भिंतीला टेकून खाली बसले. शेवटी कुणीतरी मला विचारलं नव्हतं, मी कुठून बोलते आहे ते. पण सोमवार मध्ये दोन दिवस सोडून होता, आणि शहाण्या माणसांना तयारी करायला वेळ लागतो. वर कुणाला लागला नाही. शनिवारी मी मुंगीला डॉक्टरकडे नेऊन परत आले, तर फाटकाशी टेम्पोच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी जिन्यात उभ्या होत्या. "गेले हो तुमच्या वरचे. चांगली माणसं होती, कधी आवाज नाही की काही नाही." "कुठे गेले?" "दुसरीकडे मिळाली म्हणे जागा. तुम्हांला नमस्कार सांगायला सांगितलाय त्याने. म्हणाला, खालच्या मॅडमना मुद्दाम सांगा."

मालकाला पत्ता माहीत नाही. वरचीच्या नवऱ्याच्या ऑफिसने सांगितलं, नोकरी सोडली. शाळेने सांगितलं, मुलीचा दाखला वडील घेऊन गेले. आमच्या केंद्राची हद्द नदीवरच्या पुलापर्यंत आहे. पुलापलीकडे दुसरं केंद्र, त्याच्या पलीकडे तिसरं. ताईंनी सगळ्यांना कळवलंय. कळवलं म्हणजे असं, की एक कुटुंब आहे, ते कुठे आहे ते आम्हांला माहीत नाही, तुमच्याकडे आलं तर बघा. टापटीप एकदा माझ्या टेबलाशी येऊन नुसती उभी राहिली, आणि मी तिला बसायला खुर्ची दिली.  ताईंना मी एकदाच विचारलं, मी पत्रक लावलं नसतं तर? त्या म्हणाल्या, "तर ती आलीच नसती." "आणि मी वर गेले नसते तर?" यावर त्या चष्मा पुसायला लागल्या. दोन्हींत तुझीच पंचाईत, त्या म्हणाल्या होत्या. एवढंच त्यांचं चुकलं. माझी काही पंचाईत झाली नाही. मी रोज ऑफिसला जाते, मुंगीचा ताप उतरला, नवऱ्याने रिमोट हळू ठेवायची सवय लावून घेतली आहे, आणि ते बघून मला रडू येतं. वरचं घर रिकामं आहे. मुंगी अजून जेवताना मान वर करते. मी चमचा थांबवते आणि आम्ही दोघी ऐकतो.

म्हणून हे लिहिते आहे. ते कुठेतरी राहायला गेले आहेत, म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर गेले आहेत. तुमच्याही इमारतीत कदाचित नुकतंच एक कुटुंब आलं असेल. नवरा-बायको आणि एक मुलगी. तो जिन्यात भेटला की बाजूला होऊन तुम्हांला वाट देतो, गोड बोलतो. ती गच्चीवर येत नाही. मुलीचा आवाज म्हणून नाही, आणि वरचे शांत आहेत म्हणून तुम्ही खूश आहात. पाहुणे आले की मात्र छतावरून भिंतीपासून भिंतीपर्यंत कुणीतरी सरळ पळतं, आणि पाहुणे गेले की थांबतं. तुमचा त्या घराशी काय संबंध, असं तुम्हांला वाटेल. कुठल्या ऑफिसचे नाही आहात तुम्ही, तेच बरं आहे, तुम्हांला कुणी काही विचारणार नाही. तो कामावर गेला की वर जा. एक वाटी घेऊन जा, डब्यात साखर असली तरी. बाई दाराशी आली तर दारातच उभे राहा, घाई करू नका, आणि ती एकटी असेल तरच विचारा, काही हवंय का. काही म्हणाली नाही तर उद्या पुन्हा साखर संपू द्या. आणि मुलीच्या पायांकडे बघा. मोजे असतील तर तिला एवढं सांगा, की खाली एक लहान मुलगी आहे, तिला तू पळालेली आवडते. कुठे खाली, ते सांगू नका. तिला कळेल.

आज जा. आधी फोन करू नका.